वजन उतरवायचंय? आधी घरात नारळ किती फुटतात ते मोजा

78 वरून 66 किलोवर यायला मला 14 महिने लागले. त्यातले पहिले 4 महिने मी पहाटे उठून किनाऱ्यावर तासभर चालत होते आणि काटा ढिम्म हलत नव्हता. म्हणून 'चालायला लाग गे, आपोआप उतरतं' असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

पहिलं काम काट्याचं. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर उभं राहायचं. रोज नको. आदल्या दिवशी सुका बांगडा खाल्ला असेल तर मिठाने अंगात पाणी धरतं आणि काटा उगाच वर जातो. मी एकदा तेवढ्यासाठी दिवसभर उपाशी राहिले होते, शुद्ध मूर्खपणा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

दुसरं काम स्वयंपाकघरातलं, आणि माझं सगळं अडलं ते इथेच.

आमच्या घरात माणसं चार आणि नारळ रोज एक. सकाळी चटणीत, दुपारी वाटपात (आमटी-कालवणाला लावायचं वाटलेलं खोबरं), भाजीवर मूठभर, वर सोलकढी. एका नारळाचं 300 ग्रॅम खोबरं धरलं आणि 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण 350 कॅलरी असतात हे लक्षात घेतलं, तर माणशी अडीचशेच्या वर जातात. तासभर भरभर चालून मी जाळत होते त्याही तेवढ्याच! म्हणजे पहाटेची सगळी पायपीट माझ्या वाटणीच्या खोबऱ्यातच संपत होती. तेल आणि भाताचा हिशेब तर अजून व्हायचाच होता.

मग मी अतिरेक केला. भात बंद. सासूबाई म्हणाल्या, 'भाताशिवाय जेवाण कसला गे?' मी नऊ दिवस टिकले. दहाव्या दिवशी पाहुणे आले, कोंबडी-वडे झाले आणि मी उभ्या उभ्या सात वडे खाल्ले. कोकणातल्या माणसाला भात सोडायला सांगणं हा सल्ला नव्हे. भाताऐवजी नाचणी खा म्हणतात, त्याचंही तेच. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तंतू जास्त, जरूर खा. पण पिठाला पीठ मोजलं तर कॅलरी तांदळाच्या जवळपासच. तीन भाकऱ्या हाणून वजन उतरत नाही. आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, पिऊन चरबी वितळते हे ज्याने पसरवलं, त्याला आगळ विकायचं असणार.

उपयोगी पडलं ते असं. दिवसात खोबऱ्याचा पदार्थ एकच. आमटीला वाटप असेल तर भाजी नुसती फोडणीची आणि सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे नारळाच्या रसाशिवायची. बांगडे असले तर कालवणाऐवजी तिखलं करा, म्हणजे खोबऱ्याशिवायचा तिखट रस्सा; तिरफळं (मिरीसारखी झणझणीत वासाची फळं) नीट ठेचून घातली की खोबरं कोणाला आठवत नाही. कालवणच हवं असेल तर खोबरं निम्मं घ्या, वाटताना त्यात चमचाभर भिजवलेले तांदूळ आणि भाजलेला कांदा घाला. रस दाटच होतो. मी हे घरात न सांगता केलं. तीन आठवडे कोणाच्या लक्षात आलं नाही.

भाताची खरी गोम वाढण्यात आहे. कालवण उरलं म्हणून मूठभर भात, भात उरला म्हणून पळीभर कालवण, असं ताटात फिरत राहतं आणि आपण दोनदाच घेतला असं वाटतं. मी आधी मासा आणि भाजी खाते, मग वाटीने मोजून एकदाच भात पालथा घालते. 150 ग्रॅम शिजलेला भात, साधारण 200 कॅलरी. कालवण वाटीत वेगळं घेते, भातावर ओतत नाही. पातेलं ओट्यावरच ठेवते, जेवताना हाताशी नको.

प्रथिनं पुरेशी हवीत, नाहीतर चार वाजता पोट ओरडतं. मासेमारी बंद असते त्या 1 जून ते 31 जुलैच्या काळात अंडी, मूग आणि कुळथाची पिठी. मासा रव्यात घोळवून तळायचा तो रविवारी. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी.

आता व्यायाम. तो निरुपयोगी नाही, काम वेगळं आहे. खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ते राखायला आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू न द्यायला व्यायाम लागतो. किनाऱ्यावर चालायचं वेळापत्रक मात्र करू नका. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आज सहाला मिळालेली घट्ट ओली वाळू आठवड्याने पाण्याखाली असते, मग कोरड्या भुसभुशीत वाळूत घोटे दुखवून घ्यायचे. डांबरी रस्ता बरा, घराजवळ पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची चढण, असेल तर उत्तमच. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता पंधरा-पंधरा उठाबशा आणि भिंतीला हात टेकून उभ्याने दंड. पावसात हे पडवीत होतं.

आठवड्याला अर्धा किलो उतरला तर पुष्कळ झालं. शेवटचे चार किलो माझे त्याहूनही सावकाश गेले. गणपतीचे दिवस मी हिशेबात धरतच नाही. मोदक तुपासकट खाते, काटा माळ्यावर ठेवते आणि विसर्जनानंतर आठवड्याने खाली काढते.