‘चा’ची सवय परभाषेत नेऊ नका: षष्ठीच्या प्रत्ययांत होणाऱ्या चुका

‘रामाचे घर’ म्हणताना मराठीत प्रत्यय रामाला लागतो, घर जसेच्या तसे राहते. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली असते की नव्या भाषेतले शब्द आपण मेहनतीने पाठ करतो आणि त्यांचे प्रत्यय मात्र नकळत मराठीच्या खुंटीला अडकवतो. म्हणून कोणतीही भाषा घेतली तरी पहिला प्रश्न एकच विचारावा: मालकीची खूण कोणत्या शब्दावर बसते, मालकावर की वस्तूवर?

हंगेरियन भाषेच्या साध्या रचनेत ती वस्तूवर बसते. ‘हाझ’ म्हणजे घर आणि ‘पेतेर हाझॉ’ म्हणजे पेतेरचे घर; इथे पेतेर कोरा राहतो आणि शेपूट घराला फुटते. तुर्कीत तर दोघांनाही खूण लागते: ‘एव’ म्हणजे घर, पण अलीचे घर म्हणजे ‘अलीनिन एवि’. तुर्की शिकताना मी कित्येक आठवडे ‘अलीनिन एव’ असेच लिहीत होतो, कारण अलीला प्रत्यय लावला की माझ्या मराठी मनाला वाक्य पूर्ण झाल्याचे समाधान मिळत असे. यावर मला लागू पडलेला उपाय दिसायला ओबडधोबड आहे: लिहिण्यापूर्वी मनात ‘अलीचे त्याचे-घर’ असे रूप करून पाहावे, म्हणजे दुसरा प्रत्यय विसरत नाही. मात्र तुर्कीतली सगळीच गडबड शिकणाऱ्याच्या चुकीने होत नाही. ‘एविन’चा अर्थ ‘तुझे घर’ असाही होतो आणि ‘घराचा’ असाही. ‘एविन्दे’ हे रूप ‘तुझ्या घरात’ आणि ‘त्याच्या घरात’ या दोन्ही अर्थांनी येते, कारण एकीकडे ‘इन’ हा ‘तुझे’चा प्रत्यय असतो, तर दुसरीकडे ‘इ’ हा ‘त्याचे’चा प्रत्यय असून ‘न’ केवळ सांधा जोडण्यासाठी आलेला असतो. अशा ठिकाणी प्रत्ययाकडे टक लावून उपयोग होत नाही, आजूबाजूचे वाक्य वाचावे लागते.

दुसरी मोठी चूक लिंगाची असते. मराठीतील ‘त्याची बहीण’ आणि ‘तिचा भाऊ’ ही रूपे बारकाईने पाहिली, तर शब्दाचा सुरुवातीचा भाग मालकाचे लिंग सांगतो आणि शेवटचा भाग वस्तूचे. इंग्रजीतील ‘हिज’ व ‘हर’ फक्त मालकाकडे पाहतात, त्यामुळे ‘त्याची बहीण’मधल्या ‘ची’ला भुलून ‘हर सिस्टर’ लिहिणाऱ्याने केवळ ‘त्या’कडे लक्ष द्यावे. फ्रेंचमधील ‘सों’ व ‘सा’ उलट फक्त वस्तूचे लिंग पाळतात. ‘सा सर’ ही त्याची बहीण असते आणि तिचीही. इंग्रजीच्या वाटेने फ्रेंचकडे आलेला विद्यार्थी ‘सा’ म्हणजे ‘तिचा’ असे धरून ‘तिचा भाऊ’ या अर्थी ‘सा फ्रेर’ लिहितो, पण तिथे ‘सों फ्रेर’च हवे. जर्मनमधील ‘झाइन–झाइने’ (त्याचा–त्याची) आणि ‘ईर–ईरे’ (तिचा–तिची) या जोड्या मराठीसारख्याच दोन्हीकडची खबर देतात, त्यामुळे मराठी माणसाने त्यांना उगाच घाबरू नये.

परभाषेचे राहो, आपल्या लिखाणातही हा प्रत्यय कमी दगा देत नाही. ‘मुलाचे पुस्तके’ हे हिंदीच्या ‘के’ची सावली पडलेले रूप आता सर्रास दिसते, नपुंसकलिंगी अनेकवचनाला ‘ची’ लागते, म्हणून ‘मुलाची पुस्तके’. साखळीत तर अनेकजण अडखळतात. ‘भावाच्या मित्राच्या दुकानाची पाटी’ या रचनेत पहिले दोन ‘च्या’ येतात, कारण त्यांच्या पुढचे ‘मित्र’ आणि ‘दुकान’ हे शब्द स्वतः सामान्यरूपात गेलेले आहेत. शेवटचा ‘ची’ मात्र मोकळ्या उभ्या असलेल्या ‘पाटी’शी जुळतो. शंका आली की साखळी शेवटच्या शब्दापासून उलटी वाचावी. ऱ्हस्व-दीर्घाची चूकही इथेच होते: ‘बहीण’ची ‘बहिणीचा’ आणि ‘वकील’ची ‘वकिलाचा’ होते, पण ‘शरीर’ तत्सम असल्याने ‘शरीराचा’ दीर्घच राहते. शासनमान्य लेखनाचे १४ नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. ऱ्हस्व-दीर्घाचा हा नियम आणि ‘शरीर’सारख्या शब्दांचा अपवाद त्यांतच आहेत. आणि ‘घरा चे’, ‘माझ्या कडे’ असे तोडून लिहिणे ही तर निव्वळ कळफलकाची खोड आहे.

प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलणे ही केवळ आपलीच रीत नाही. तुर्की ‘किताप’चे ‘माझे पुस्तक’ होताना ‘किताबम’ होते आणि अरबी ‘सय्यारा’ची, म्हणजे मोटारीची, ‘सय्यारती’ होते. शब्दकोशात ‘सय्यारती’ शोधून हात हलवत परतणाऱ्याने शेवटचा ‘ती’ काढून पाहावा. अरबीत अशा प्रत्ययासोबत ‘अल’, म्हणजे इंग्रजी ‘द’सारखे उपपद, लावणे ही दुसरी ठरलेली चूक.

प्रत्ययांचा क्रमही एकसारखा नसतो. ‘माझ्या घरात’ म्हणताना हंगेरियन आधी ‘माझ्या’ आणि मग ‘आत’ जोडते, ‘हाझॉमबॉन’. तुर्कीतही तसेच, ‘एविमदे’. हंगेरियनचीच नातलग असलेली फिनिश मात्र आधी ‘आत’ आणि शेवटी ‘माझ्या’ लावते, ‘तालोस्सानि’. फिनिश शिकणाऱ्याला आणखी एक फरक जपावा लागतो. ‘हॅन म्यूइ तालोन्सा’ म्हणजे त्याने आपले घर विकले. त्यात ‘हॅनेन’, म्हणजे ‘त्याचे’, घातले आणि ‘हॅन म्यूइ हॅनेन तालोन्सा’ केले, की घर दुसऱ्याच कोणाचे तरी होते. मराठीतही ‘रामाने आपले घर विकले’ आणि ‘रामाने त्याचे घर विकले’ यांत हेच अंतर आहे, आणि विक्रीचा कागद लिहिताना ‘त्याचे’ लिहून बसलेल्याला ते व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळते.