जुन्या इंग्रजी कायद्यांचे संदर्भ देण्यापूर्वीची तयारी

कायद्याचे नाव आणि कलम टिपून घ्यावे, हे सांगायला नको. प्रकरणाचा, म्हणजे त्या अधिवेशनातल्या कायद्याचा, क्रमांक कोणत्या संग्रहातून घेतला, हे मात्र त्या क्रमांकाला लागूनच, त्याच वेळी लिहून ठेवावे. मागच्या खेपेला माझे नेमके हेच राहिले आणि राणी ॲनच्या काळातल्या साऱ्या तळटिपा पुन्हा मुळाशी ताडून पाहाव्या लागल्या. १७१४ पर्यंतच्या कायद्यांसाठी ‘स्टॅट्यूट्स ऑफ द रेल्म’ हा सरकारी संग्रह प्रमाण मानतात, पण रफहेडच्या अठराव्या शतकातील संग्रहात त्याच कायद्यांचे क्रमांक पुष्कळदा निराळे असतात. ग्रंथकारांना मुद्रणहक्क देणारा ॲनचा कायदा पहिल्यात ‘८ ॲन, प्र. २१’ (ॲनच्या राज्याचे आठवे वर्ष, म्हणजे राज्यवर्ष, आणि प्रकरण २१) आहे, तर दुसऱ्यात प्र. १९. स्कॉटलंडशी एकीकरणाचा कायदा एकीकडे ‘६ ॲन, प्र. ११’ आणि दुसरीकडे ‘५ ॲन, प्र. ८’ असा सापडतो, म्हणजे राज्यवर्षसुद्धा पालटते. दोन्ही संदर्भ खरेच. संग्रहाचे नाव नसले की वाचक भलत्याच कायद्यावर जाऊन पोहोचतो.

राज्यवर्षांचा तक्ता हाताशी ठेवावा, वजाबाकीच्या भरवशावर राहू नये. दुसरा चार्ल्स गादीवर आला १६६० मध्ये, पण त्याची वर्षे वडिलांच्या शिरच्छेदापासून, म्हणजे जानेवारी १६४९ पासून मोजतात, त्यामुळे १६६० चे कायदे ‘१२ कॅर. २’ असे येतात. हे ‘कॅर.’ चार्ल्सच्या लॅटिन रूपाचे, ‘कॅरोलस’चे आहे, त्याला सुधारायला जाऊ नये. मधल्या राजाविना काळातील अध्यादेशांना राज्यवर्ष नसतेच, तिथे तारीख द्यावी. एकच अधिवेशन दोन राज्यवर्षांत पसरले तर दोन्ही वर्षे लिहितात: कंपनीकडून हिंदुस्थानचा कारभार राणीकडे नेणारा १८५८ चा कायदा ‘२१ व २२ व्हिक्ट., प्र. १०६’ आहे. उलट एका राज्यवर्षात दोन अधिवेशने झाली असतील, तर अधिवेशनाचा क्रमांक गाळू नये. विल्यम व मेरी यांच्या काळातला ‘बिल ऑफ राइट्स’ हा कायदा ‘१ विल. व मेरी, अधि. २, प्र. २’ आहे, आणि पहिल्या अधिवेशनालाही त्याचे स्वतःचे प्र. २ आहेच.

सालाची पंचाईत वेगळी. ‘बिल ऑफ राइट्स’ला राजसंमती मिळाली डिसेंबर १६८९ मध्ये, पण अधिकृत साल १६८८ आहे. १७९३ पर्यंत कायदा अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून लागू धरत, आणि १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून असे घोळ होतात. कायद्याच्या अधिकृत संक्षिप्त नावातले साल जसेच्या तसे घ्यावे, आपले शहाणपण कंसातही घालू नये.

स्थानिक कायद्यांचे प्रकरण-क्रमांक लहान रोमन अंकांत. १९६३ पासून राज्यवर्ष नाही, सरळ इसवी सन. स्वल्पविराम, टिंबे प्रकाशक सांगेल तशी.

आणि छपाईला पाठवण्याआधी १७१४ पूर्वीची प्रत्येक टीप उघडून पाहावी: संग्रहाचे नाव आहे ना? नसेल तर ते आधी भरावे, मग बाकीचे.