जुन्या फोर्ड मस्टँगच्या पुढच्या सस्पेन्शन-स्टिअरिंगचं काम काढण्याआधी

१९६५-६६ची मस्टँग घेतली की रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि छोट्या गिअरवर चालणारं स्टिअरिंग) किट मागवायची घाई होते. थोडं थांबा. गाडी चारही चाकांवर उभी असतानाच कुणाला तरी स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि स्वतः खाली आडवं होऊन टाय रॉड एंड, आयडलर आर्म अशा स्टिअरिंगच्या एकेका सांध्यावर हात ठेवा. झिजलेला सांधा बोटांना ‘टक्’ करून कळतो. गाडी भरकटते ही तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते.

मग गाडी स्टँडवर चढवा, चाकं काढा आणि तारेच्या ब्रशने शॉक टॉवर (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे पत्र्याचे उंच खांब, ज्यांत स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर बसतात) घासून काढा. या गाडीत स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या हलत्या दांड्यावर) बसते, त्यामुळे सगळा भार टॉवरवर येतो. आर्मच्या बोल्टांभोवती केसाएवढा जरी तडा दिसला, तरी आधी वेल्डिंग, मग बाकीची खरेदी. चाकाचे नटही मोजून ठेवा: चार असतील तर गाडी मुळात सहा सिलिंडरची, पाच असतील तर व्ही-एटची (आठ सिलिंडरची). दोन्हींचे स्पिंडल (ज्यावर चाक फिरतं तो भाग) आणि टाय रॉड वेगळे. मागून व्ही-एट बसवलेल्या गाडीत चारच नट दिसले, तर पहिला खर्च तिथे.

पैसे बेताचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: शेल्बी ड्रॉप करा, म्हणजे वरचा आर्म खाली सरकवा. शेल्बीच्या १९६५च्या जीटी३५० मस्टँगवर वरच्या आर्मची भोकं सुमारे एक इंच खाली घेतली होती. टेम्प्लेट आणि ड्रिल एवढ्यावर काम होतं आणि वळणावर बाहेरचा टायर रस्ता नीट धरतो. सोबत एक इंची अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) आणि रोलर बेअरिंगचे स्प्रिंग पर्च (स्प्रिंगची बैठक) घ्या. रबरी पर्चवर गाडी प्रत्येक उंचवट्याला झोपाळ्याच्या कड्यांसारखी कुरकुरते. रोलर घातले की ती गप्प होते, स्प्रिंगही मोकळी हलते.

स्टिअरिंगसाठी १६:१ गुणोत्तराचा, चांगला दुरुस्त केलेला मूळ पद्धतीचा गिअरबॉक्स मला पुरेसा वाटतो. रॅकच हवा असेल तर ऑइल पॅन आणि हेडरपाशी (एक्झॉस्टच्या नळ्यांपाशी) जागा मोजा, आणि बंप स्टिअर (उंचवट्यावर चाक आपोआप वळणं) किती, वळणाचा घेर किती वाढतो हे विक्रेत्याला विचारा. या वर्षांच्या गाडीत शाफ्ट बॉक्सपासून थेट स्टिअरिंगपर्यंत एकसंध असतो, म्हणजे कॉलमही कापावा लागतो. मस्टँग टू या नंतरच्या मॉडेलच्या धर्तीचं सस्पेन्शन टॉवर कापूनच बसतं. मोठं इंजिन बसवायचं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

स्प्रिंग कॉम्प्रेसर दणकट आणा आणि दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड नेऊ नका. अलाइनमेंटची (चाकांचे कोन जुळवून घेण्याची) वेळ आधीच घ्या. जुने आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरचे आहेत, म्हणून आजच्या रेडियल टायरसाठी कागदावर लिहून न्या: कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) अधिक २ ते ३ अंश, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळणं) १/८ इंच. त्याआधी आर्मच्या सांध्यांतल्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच पक्के आवळा. हवेत आवळले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.