आजीची गारा साडी कपाटात आहे? मग या चुका टाळा

लग्नसराई आली की माझ्याकडे दुरुस्तीला फाटलेल्या गारा, म्हणजे पारशी घरांतल्या चिनी धाटणीच्या भरतकामाच्या रेशमी साड्या, यायला लागतात, आणि त्यातल्या वयामुळे फाटलेल्या थोड्याच, बाकीच्या घाईने फाडलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवणं. रेशीम आधी घडीवरच तुटतं, त्यात गाराला भरतकामाचं वजन. दादर पारशी कॉलनीतल्या एका आंटींची जांभळी गारा, पांढऱ्या रेशमात बगळे आणि शेवंतीची फुलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्यांसकट पडून होती. नवजोतच्या, म्हणजे पारशी मुलांच्या धर्मदीक्षेच्या समारंभाच्या, आदल्या दिवशी भाचीने ती चादरीसारखी झटकली, दोन घड्यांवर सरळ चिरली. तेवढ्यावर थांबली असती तरी मी वाचवली असती, पण एका टेलरने मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं गोंदाचं अस्तर, लावून इस्त्री मारली. गोंद रेशमात उतरला, कापड पुठ्ठ्यासारखं कडक झालं आणि त्या पट्टीच्या कडेने नव्याने फाटायला लागलं. गोंद काढायला जावं तर टाके सुटतात. अशा साडीला खालून त्याच रंगाचं मऊ रेशीम लावून हाताने बारीक टाके घालायचे असतात, त्याला महिने लागतात आणि ते लागू द्यावेत.

माझी पद्धत साधी आहे. धुतलेली, खळ काढलेली मलमल, प्रत्येक घडीत मलमलचीच सैल गुंडाळी आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सावलीत उघडून घडीची जागा बदलायची. पावसाळ्यात कपाटाला हात लावायचा नाही.

हँगरवर टांगू नका. अत्तर फवारू नका. घरी धुवायची तर अजिबात नाही, जुना रंग पांढऱ्या टाक्यांत उतरतो.

दुसरी चूक, जिचा मला खरंच त्रास होतो: काठ कापून नव्या जॉर्जेटवर लावणं. मूळ कापड पार विरलं असेल तर ठीक, पण "नेसायला हलकी हवी" म्हणून धडधाकट गारा कापायची? हलकी हवी तर नवीन घ्या ना.

आणि "पणजोबांनी कँटनहून (चीनमधल्या बंदरातून) आणली" हे लगेच धरून चालू नका. मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जायचे हे खरंच, जमशेटजी जीजीभॉय त्याच व्यापारात मोठे झाले. पण नंतर चिनी फेरीवाले मुंबईत दारोदार गारा विकायचे आणि सुरतेतही तसं भरतकाम व्हायला लागलं. आधी उलटी बाजू बघा. चांगल्या चिनी हातकामात मागची बाजूही जवळपास पुढच्याइतकीच नीट असते. मशीनच्या कामात मागे बॉबिनचा वेगळा दोरा दिसतो.

शेवटचं, परदेशातल्या मुलीच्या बॅगेत गुपचूप घालू नका. 1972 च्या कायद्याप्रमाणे 100 वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. वयाबद्दल शंका असेल तर तिकीट काढायच्या आधीच पुरातत्त्व खात्याकडे साडी दाखवा, ती पुरावस्तू नसेल तर तसं सर्टिफिकेट मिळतं.