कोंबड्याच्या पायाचा संसर्ग : ब्लेड हातात घेण्याआधी या चुका टाळा

परसातला कोंबडा लंगडू लागला की आपल्याकडे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर ‘काटा रुतला असेल, निघेल आपोआप’ असे म्हणून त्याला तसेच सोडून दिले जाते, किंवा काही दिवसांनी तळव्याला गाठ दिसली की घरातील कोणीतरी दाढीचे ब्लेड घेऊन बसतो. पहिल्या प्रकारात उशीर होतो आणि दुसऱ्यात नको ती घाई. मात्र दोन्हींमध्ये कोंबड्याचा पाय नीट उलटून पाहण्याचे काम राहूनच जाते, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

लंगडणे म्हणजे संसर्गच, असे धरून चालू नये

तळव्याच्या मधल्या गादीवर काळपट, कडक खपली आणि तिच्याभोवती लालसर, गरम सूज असेल तर तो बहुधा बंबलफूट नावाचा आजार असतो. त्वचेला बारीक जखम झाली की स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा त्यासारखे जिवाणू आत शिरतात आणि गादीच्या खोल भागात गाठ धरतात. परंतु पाय दुखण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. नळीवरचे, म्हणजे घोट्यापासून बोटांपर्यंतच्या भागावरचे, खवले उचलले जाऊन पाय खडबडीत, पांढुरका दिसत असेल तर ते खवल्यांखाली राहणाऱ्या माइट या अतिसूक्ष्म, गोचिडीसारख्या परजीवींचे काम असते. घोटा फुगलेला असेल तर सांध्याचा आजार असू शकतो. एक पाय पुढे व एक मागे टाकून पडलेला तरुण पक्षी मरेक्स या लकवा आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाचा असू शकतो, आणि त्याच्या तळव्याला कितीही मलम लावले तरी उपयोग नसतो. पावसाळ्यात डास वाढल्यावर येणाऱ्या देवी रोगाच्या खपल्या क्वचित पायांवरही दिसतात, त्या खरवडू नयेत.

आठवडी बाजारातून आणलेल्या कोंबड्याचे पाय तर आधी सुतळीच्या वळासाठी तपासावेत. पाय बांधून, उलटे टांगून आणलेल्या पक्ष्याच्या नळीवर सुतळी किंवा दोरा कातडीत रुतून बसतो, वर सूज येते आणि आतला दोरा दिसत नाही. दोरा आत असेपर्यंत कोणतेही औषध लागू पडत नाही.

दाबून पू काढणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती घडते कारण आपण कोंबड्याचा फोड माणसाच्या फोडासारखा समजतो. माणसाच्या किंवा बैलाच्या गळवात पू पातळ असतो, म्हणून चीर दिली की तो वाहून जातो. पक्ष्यांच्या शरीरात पू द्रवरूप होत नाही. तो पनीरसारखा घट्ट, पिवळसर गोळा बनून भोवतालच्या मांसाला चिकटून राहतो. तळवा दाबल्यावर तो बाहेर येण्याऐवजी आत, स्नायूबंधांच्या आवरणात ढकलला जातो आणि संसर्ग सांध्यापर्यंत किंवा हाडापर्यंत पोहोचू शकतो. शिवाय त्या जागी रक्तवाहिन्या असतात, कोंबड्याला वेदना कळतात, आणि भूल न देता कापणे ही निव्वळ क्रूरता आहे. गाठ कापून काढायचीच असेल तर ते काम पशुवैद्यकाचे आहे. माणसांसाठीचे बधिरतेचे मलम किंवा इंजेक्शन स्वतः वापरू नये. पक्ष्याच्या लहान वजनाला त्याची मात्रा सहज जास्त होते.

नुसती लाली असेल, खपली नसेल, तर मऊ, कोरडी जमीन आणि विश्रांती एवढ्याने पुष्कळदा भागते. खपली धरली असेल तर कोमट पाण्यात (एक लिटरला साधारण दीड चहाचा चमचा मीठ) पाय दहा ते पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा; पाणी आधी आपल्या कोपराला लावून पाहावे. पाय कोरडा करून एक भाग पोविडोन आयोडीन या जंतुनाशकात दहा भाग उकळून गार केलेले पाणी मिसळावे आणि त्याने जागा पुसावी. मऊ झालेली खपली आपोआप सुटली तर सुटू द्यावी, ओढू नये. पाय धरताना कोंबड्याला टॉवेलात गुंडाळावे, डोके झाकावे, पण छाती दाबू नये; पक्ष्याला छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा (श्वासपटल) नसतो, त्यामुळे छातीचे हाड हलले नाही तर त्याला श्वास घेता येत नाही.

घरगुती उपाय, जे जखम वाढवतात

काटा रुतला की बिब्बा गरम करून चटका देण्याची पद्धत विदर्भात अजून आहे. बिब्ब्याचे तेल कातडी भाजते आणि फोड आणते. आधीच सुजलेल्या तळव्यावर त्याने नवी जखम होते. हळद-चुन्याचा लेप मुका मार लागल्यावर माणसाला बरा वाटत असेल, परंतु उघड्या जखमेवर चुना दाहक असतो. रॉकेल, गाडीचे जुने ऑइल आणि फवारणीसाठी आणलेले कीटकनाशक, हे तिन्ही पायाला लावू नयेत. कोंबडा चोचीने तो भाग साफ करतो आणि जे लावले ते त्याच्या पोटात जाते. कपाशीवर फवारण्याच्या औषधाने तो मरूही शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज ओतल्याने बरी होऊ पाहणारी पेशीसुद्धा मरते. माइटसाठी नळीवर खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावणे मात्र चालते, त्याने माइट गुदमरतात. बरे होण्यास काही आठवडे लागतात.

वेदनाशामकाबाबत एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक कोंबड्याला देऊ नये. ते पक्ष्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकते. याच औषधाने आपल्याकडची गिधाडे मोठ्या संख्येने मेली आणि म्हणूनच 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. वेदना कमी करायची असेल तर पशुवैद्यक मेलॉक्सिकॅमची मात्रा वजनानुसार ठरवतात.

प्रतिजैविकांचेही तसेच आहे. अर्धी कॅप्सूल दाण्यांवर टाकणे किंवा पावडर पाण्यात मिसळून दोन दिवसांनी ‘बरा वाटतो’ म्हणून थांबवणे, याने जिवाणू मरत नाहीत, उलट औषधाला निर्ढावतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, किंवा 1962 या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून फिरत्या पथकाची माहिती घ्यावी. औषध चालू असताना आणि ते संपल्यावर किती दिवस या पक्ष्याचे मांस खाऊ नये, हेही तिथेच विचारावे. एकच पाणी कोंबड्याही पीत असतील तर त्यांच्या अंड्यांबद्दलही विचारावे. नळीपर्यंत सूज चढणे, कोंबडा दाणे सोडणे, घोटा गरम होणे किंवा जखमेत अळ्या पडणे, यापैकी काहीही दिसले तर घरचे उपचार थांबवून त्याच दिवशी न्यावे.

पट्टी बांधणे आणि वेगळे ठेवणे

पट्टी घट्ट बांधली की बोटे गार पडून सुजतात, आणि ओली झालेली पट्टी तशीच राहिली तर जखम सडते; म्हणून ती रोज, फार तर एक दिवसाआड बदलावी. वेगळ्या ठेवलेल्या कोंबड्याची जागा टिनाखाली असू नये. वैशाखात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि तेव्हा टोपलीखाली झाकलेला पक्षी संसर्गाने नव्हे, उष्म्याने दगावतो. हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत, कारण हा जिवाणू माणसाच्या जखमेतही वाढतो.

पाय बरा करून खुराडे तसेच ठेवणे

उपचार पायावर होतात, पण कारण बहुधा खुराड्यात असते. गिरिराज, वनराज यांसारखे जड नर तीन-चार फुटांच्या दांडीवरून खडीवर किंवा फरशीवर उतरले की प्रत्येक वेळी तळव्यावर मार बसतो. दांडी एक ते दीड फुटावर, गोल कडांची असावी आणि तिच्या टोकांना खिळे, तारा नसाव्यात. खाली कोरडे सोयाबीनचे कुटार किंवा पूर्व विदर्भात धानाचे तूस पसरावे. पावसाळ्यात ते ओले झाले की लगेच बदलावे, कारण ओल्या विष्ठेत तळव्याची कातडी भुसभुशीत होते. तूर सोंगल्यावर किंवा पऱ्हाट्या काढल्यावर उरलेल्या धसकटांतून चरणारे पक्षी संध्याकाळी एकदा पाहावेत.

खाद्याकडेही लक्ष हवे. केवळ कनकी किंवा पांढरी ज्वारी खाणाऱ्या कोंबड्याला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि त्याने कातडीची ताकद घटते. पिवळा मका, शेवग्याचा पाला, मेथी यांची भर घालावी. लठ्ठ कोंबड्याला मात्र दाणे वाढवून देऊ नयेत, त्याचे वजनच तळव्यावर पडते.

एका कोंबड्याच्या पायाला खपली आढळली तर त्याच खुराड्यातील सर्व पक्ष्यांचे दोन्ही तळवे उलटून पाहावेत. लालीच्या टप्प्यावर सापडलेल्या पक्ष्याला पट्टीचीही गरज पडत नाही.