भरिताच्या वांग्याचं घरचं बी

बी वांग्यातून निघत असलं तरी निवडायचं असतं झाड. बाजारातून एक मोठं, देखणं वांगं आणून त्याचं बी काढणारे पुष्कळ भेटतात. ते झाड कसं होतं, रोगट होतं का, एकच वांगं देऊन थांबलं का, हे त्या वांग्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय बाजारातलं वांगं खाण्याजोगं असतं, म्हणजे कोवळं. त्यातलं बी उगवतच नाही म्हटलं तरी चालेल.

आमच्या यावल-भुसावळकडचं भरिताचं वांगं म्हणजे फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, आणि त्यात बामणोदचं नाव मोठं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बी धरायचं तर असं गावठी वाणच घ्या. संकरित वाणाच्या बियातून पुढच्या वर्षी एक झाड एका तऱ्हेचं, दुसरं दुसऱ्या तऱ्हेचं निघतं.

हिवाळ्यात झाडं भरात असताना परसात रोज एक चक्कर मारा. पानं बारीक होऊन शेंड्याला झुपका झालेलं झाड लगेच उपटा. तो पर्णगुच्छ रोग, तुडतुडे नावाच्या बारीक किडींमुळे पसरतो. ज्या झाडाची वांगी पातळ सालीची, कमी बियांची आणि चुलीवर सारखी भाजली जाणारी असतील, त्याच्या फांदीला लाल चिंधी बांधा. भाजून, खाऊन बघितल्याशिवाय चिंधी बांधायची नाही, हा माझा नियम. नुसतं रूप बघून काय कळतं?

वांग्याचं फूल बहुतेक आपल्याच परागानं फळतं, पण भुंगे-माशा शेजारच्या काटेरी जांभळ्या वांग्याचा पराग आणतातच. बियाण्याच्या प्लॉटला दोन वाणांत शंभर-दोनशे मीटर अंतर ठेवतात, परसात ते कुठून आणायचं? म्हणून उमलायच्या आदल्या संध्याकाळी कळीवर जुन्या मलमलची छोटी पिशवी चढवून दोरा सैल बांधायचा. कळी जाड, भरदार बघावी. उमलल्यावर पिवळ्या केसरांच्या वर मधली दांडी डोकावते ती फुलं फळ धरतात. दांडी आत लपलेली असेल तर ते फूल गळणार, पिशवी दुसऱ्या फुलाला लावा. सकाळी देठाला बोटानं हलक्या टिचक्या मारल्या की पराग झडतो. फळ धरलं की पिशवी काढून तिथे दोरा बांधा.

आता जीवावरचं काम: ते वांगं तोडायचं नाही. पाहुणे आले, तुरकाठ्यांची आगटी पेटली, कुणी कितीही म्हटलं तरी नाही. खाण्याजोगं झाल्यावरही महिनाभर झाडावर राहू द्या. हिरवं जाऊन ते पिवळं पडतं, मग तपकिरी छटा येते. झाडाची ताकद त्यातच जाते, म्हणून एका झाडावर दोन-तीनच ठेवा. तोडल्यावर आठवडाभर सावलीत पडू द्या.

मग चिरून, गर पाण्यात कुस्करून बी मोकळं करा. भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं ते गरासोबत ओतून टाका. दोन-तीन पाणी धुऊन सुती कापडावर पातळ पसरा. दिवसभर सावली, मग सकाळचं कोवळं ऊन. दुपारचं ऊन नको, पत्र्यावर तर नकोच. दाताखाली कट्‌कन तुटलं की वाळलं. चाळलेली कोरडी राख मिसळून काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून ठेवा आणि वर वाण नि साल लिहा. कोरडं राहिलं तर तीन-चार वर्षं चालतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, म्हणून बाटली पत्र्याच्या खोलीत नाही, धान्याच्या कोठीत ठेवायची.

पाऊस धरला की गादीवाफ्यावर बोटाच्या पेराहून कमी खोल, विरळ ओळीत टाका. दाट टाकलेली रोपं ओलीत मानेशी सडून आडवी होतात. आठ-दहा दिवसांत उगवतं. साधारण महिन्या-सव्वा महिन्यानं, चार-सहा पानांवर, संध्याकाळी लावा. दोन झाडांत हाताहून जास्त जागा सोडा, हे वाण पसरतं. फळं लागल्यावर एखाद्या झाडाला जांभळं किंवा काटेरी देठाचं वांगं लागलेलं दिसेल. ते झाड भाजीसाठी ठेवायचं असेल तर पुढची फुलं उमलायच्या आधी खुडत राहा, नाहीतर सरळ उपटा.