ही खिडकी उघडते कशी?

आर्किटेक्चरच्या डिझर्टेशनला इराणी ओरोसी (रंगीत काचांची लाकडी खिडकी) आणि जपानी शोजी (कागद लावलेला लाकडी पल्ला) यांची तुलना घेताय? विषय देखणा आहे, म्हणूनच फसवा.

मी चार महिने नक्ष्या ट्रेस करत बसले. इकडे इराणचं गेरेह-चिनी, म्हणजे लाकडी पट्ट्या जोडून केलेली भौमितिक नक्षी, वर्तुळाचे भाग पाडून काढलेले दहा टोकांचे तारे. तिकडे कुमिकोमधली (बारीक पट्ट्यांची जपानी जाळी) असानोहा, 60 अंशांच्या रेषांवर बसवलेली भांगेच्या पानाची नक्षी. (भांग म्हटलं की वर्ग हसणारच, तयारी ठेवा.) गाईड दर आठवड्याला 'छान चाललंय' म्हणायचे. नुसतं 'छान' म्हणणाऱ्या गाईडपेक्षा खेकसणारा परवडला, हे माझं ठाम मत.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, पहिलाच प्रश्न आला: "ही खिडकी उघडते कशी?" तीस शीट भिंतीवर लावलेली आणि मी गप्प.

चूक 'जाळी' या शब्दापासून सुरू झाली. आपल्या डोळ्यासमोर दगडी जाळी असते, जागची न हलणारी. मी दोन्हींना जाळीच समजले, म्हणून फक्त एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारं चित्र, काढलं. सेक्शन, म्हणजे आतलं दाखवणारा छेद, एकही नाही! सगळा फरक तर तिथेच होता.

ओरोसीची झडप वर सरकते आणि वरच्या स्थिर भागामागच्या पोकळीत जाते. म्हणजे खिडकीच्या वर तेवढी जागा आधीच राखावी लागते. शोजी आडवी सरकते. तिची वरची खाच साधारण 15 मिमी खोल, खालची जेमतेम 2-3 मिमी. पल्ला वर उचलून घालायचा, खाली टेकवायचा, काढताना उलट. बिजागरी नाही, काही नाही. पुन्हा वाचा, कारण मला हे समजायला एक बॅकलॉग (नापास होऊन राहिलेला विषय) लागला. आणि 'इराण उभं, जपान आडवं' असं घोकूही नका: युकिमी-शोजीत खालचा भाग वर सरकतो, जमिनीवर बसून बाहेरचा बर्फ दिसावा म्हणून.

दुसरं म्हणजे पट्ट्यांचं काम. गेरेह-चिनीत पट्ट्यांना खाचा असतात आणि रंगीत काचेचे तुकडे त्यांच्यातच अडकवत जातात, खिळ्याशिवाय. काच आणि लाकूड एकत्रच उभं राहतं. शोजीत सांगाडा आधी पुरा होतो, मग बाहेरच्या बाजूने खळीने वाशी (पारंपरिक जपानी कागद) चिकटवतात. फाटला की बदलायचा. वर्षअखेरीच्या साफसफाईत नवा लावायची जुनी पद्धत आहे. कागद पावसात टिकतो कसा? पुढे खोल वळचण असते, वादळासाठी बाहेर अमादो, म्हणजे लाकडी सरकते पल्ले. ओरोसी बहुधा अंगणाकडे तोंड करून असते. यझ्द-काशान या इराणी शहरांतल्या उन्हाची तिरीप रंगीत काचा मऊ करतात.

इराणमधल्या शिराझच्या नासिर-अल-मुल्क मशिदीचे (बांधकाम 1876 ते 1888) गालिच्यावर रंग सांडलेले फोटो सगळेच लावतात. लावा. पण त्यावरून सेक्शन काढता येत नाही. पिंटरेस्टवरूनही नाही.

घाबरू नका, चित्रकला बेतास बात असली तरी चालते. पुठ्ठ्याचं 1:10 मॉडेल करा, दोन्ही खिडक्यांचं. माझी ओरोसी वर अडकली, कारण पोकळी पल्ल्यापेक्षा दोन सेंटीमीटर आखूड ठेवली होती. दुसऱ्या ज्युरीला मी तेच अडकलेलं मॉडेल नेलं आणि कुठे अडकतंय ते दाखवलं.